'चर्र' हा आवाज आहे काय?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका खेड्यात जयंतीच्या मिरवणुकीवरून वाद झाला आणि त्याच रात्री बौद्ध वस्तीवर दगडफेक झाली. खटला विशेष न्यायालयात उभा राहिला. आम्ही पीडितांच्या वतीने सरकारी वकिलांना साहाय्य करीत होतो. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात सत्तरीच्या घरातील एक आजी उभ्या होत्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, पण बोलण्यात कुठेही न अडखळणाऱ्या. सरतपासात त्यांनी सांगितले, ''पत्र्यावर ठणाठणा दगडं पडाय लागली. दारावर धाडधाड लाथा बसल्या. माझ्या काळजात चर्र झालं.''

आरोपींचे वकील उलटतपासाला उठले. त्यांच्या हातात पोलिसांनी लिहून घेतलेला जबाब होता. त्यात लिहिले होते, 'चर्र असा आवाज ऐकू आल्याने मी जागी झाले.' वकीलसाहेबांनी विचारले, ''बाई, जबाबात तुम्ही चर्र आवाज म्हणता आणि आज ठणाठणा म्हणता. मग खरा आवाज कोणता? आणि दगड पडल्यावर चर्र आवाज येतो काय?'' कोर्टात हशा पिकला. आजी गोंधळल्या. पुरावा कायद्याच्या तेव्हाच्या कलम १४५ चा आधार घेऊन विसंगती नोंदवण्याची मागणी झाली.

फेरतपासात सरकारी वकिलांनी एकच प्रश्न विचारला, ''आजी, चर्र म्हणजे काय?'' आजींनी छातीवर हात ठेवला. ''तापल्या तव्यावर पाण्याचं शितोडं पडल्यावर हुतंय न्हवं, तसं हितं आत झालं. त्यो आवाज न्हाई सायेब.'' न्यायाधीशांनी टंकलेखकाला सांगितले, शब्द जसेच्या तसे घ्या. पुढे निकालात ही विसंगती किरकोळ ठरवली गेली. पण त्या दिवशीचा हशा आमच्या कानातून गेला नाही. ज्या लेखनिकाने जबाब लिहिला त्याला मराठी येत होती, ज्या वकिलाने प्रश्न विचारला त्यालाही येत होती. तरीही आवाजाचा शब्द कोणता आणि आवाजासारखा दिसणारा शब्द कोणता, हा फरक त्या दोघांना कळला नाही. की कळून घ्यायचा नव्हता? हा प्रश्न वाचकांनी आपल्या मनाशी विचारावा. आम्ही आज त्या शब्दांकडे वळतो.

शाळेच्या व्याकरणात या शब्दांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात. अभ्यस्त म्हणजे दुहेरी झालेल्या शब्दांचा हा एक प्रकार. ज्यात ध्वनीचे अनुकरण करणाऱ्या शब्दाची पुनरुक्ती होते तो अनुकरणवाचक, अशी व्याख्या मुले पाठ करतात. किरकिर, गुणगुण, फडफड, गडगडाट ही उदाहरणे. आमच्या वस्तीतील मुलेमुली तलाठी, पोलीस भरती आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षांसाठी हेच घोकत असतात. परंतु त्याच पुस्तकांतील याद्यांत 'लुटुलुटु' आणि 'तुरुतुरु' हेही शब्द आढळतात. लहान मूल लुटुलुटु चालते तेव्हा कोणता आवाज होतो? काहीच नाही. मग तो शब्द ध्वनीचे अनुकरण कसा? व्याख्या एक सांगते, यादी दुसरेच सांगते. मुलाने प्रश्न विचारला तर 'यादीत आहे ना, मग पाठ कर' असे उत्तर मिळते. प्रश्न विचारण्याची सवय मोडण्याचा हा जुनाच मार्ग आहे.

म्हणून हा विषय मुळापासून पाहू. पहिला फरक असा की, आवाजाचे नाव सांगणारा शब्द वेगळा आणि आवाजाची नक्कल करणारा शब्द वेगळा. 'कोंबडा आरवतो' यातील आरवणे हे आवाजाचे नाव आहे. त्यात 'रव' म्हणजे ध्वनी हा जुना शब्द बसलेला आहे. 'कुकूचकू' ही मात्र नक्कल आहे. 'गोंगाट', 'आवाज', 'नाद' हे शब्द ध्वनीविषयी आहेत, पण ते ध्वनीसारखे नाहीत. काही शब्द या दोहोंच्या मध्ये उभे असतात. गाय हंबरते, संस्कृतात गाईच्या आवाजाला 'हंभा' म्हणत. म्हणजे मूळ नकलेचे, परंतु आज आपण ते क्रियापद म्हणून सहज वापरतो, नक्कल करतो आहोत हे जाणवतही नाही.

दुसरा गट ध्वनीवरून पडलेल्या नावांचा. मोटारसायकल खेड्यात आली तेव्हा लोकांनी तिला 'फटफटी' म्हटले. तुण् तुण् वाजते ते 'तुणतुणे', खुळखुळ वाजतो तो 'खुळखुळा', आपल्या ओरडण्यावरून नाव मिळालेली 'टिटवी'. हे शब्द जन्माने ध्वनिशब्द आहेत, पण आता ते वस्तूंची आणि पाखरांची नावे झाले आहेत. 'तुणतुणे' तर आणखी पुढे गेले. एकच रडगाणे गाणाऱ्या माणसाला आपण 'त्याचे तुणतुणे चालूच' म्हणतो, तेव्हा त्यात वाद्यही उरत नाही.

तिसरी गोष्ट, कान फसवतो. स्वित्झर्लंडचे भाषाशास्त्रज्ञ फर्दिनां द सोस्यूर यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याचे चांगले उदाहरण आहे. फ्रेंच भाषेत चाबकाला 'फुए' म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटते, चाबूक ओढल्याचाच आवाज. प्रत्यक्षात तो शब्द एका झाडाच्या लॅटिन नावापासून आलेला आहे. उलट कबुतराचा फ्रेंच शब्द 'पिजाँ' कोणालाही आवाजाचा वाटत नाही, पण त्याचे लॅटिन मूळ पिलाच्या चिवचिवाटावरून आलेले आहे. म्हणजे केवळ कानाला तसे वाटते म्हणून शब्द ध्वनिशब्द ठरत नाही.

आणि नक्कल म्हणजे ध्वनिमुद्रण नव्हे. कोंबडा सगळ्या जगात एकच आहे, पण मराठी माणसाला तो 'कुकूचकू' करताना ऐकू येतो, इंग्रजाला 'कॉक-अ-डूडल-डू', फ्रेंचाला 'कोकोरिको', तर जर्मनाला 'किकेरिकी'. आपला कुत्रा 'भो भो' करतो, जपानचा 'वान वान'. प्रत्येक समाज बाहेरचा आवाज आपल्या भाषेच्या अक्षरांत बसवून घेतो. आमच्या पावश्याचे तर काय सांगावे! तो 'पेरते व्हा' असे स्पष्ट मराठीत सांगतो, असे शेतकऱ्याला ऐकू येते. शहरात वाढलेल्या माणसाला त्यात पेरणी ऐकू येणार नाही. ध्वनिशब्दात आवाज असतो तसा ऐकणाऱ्याचा जीवनानुभवही असतो.

आता 'लुटुलुटु'कडे येऊ. मराठीत अशा शब्दांची रेलचेल आहे. तारे लुकलुकतात, दागिने चमचमतात, डोळे मिचमिच करतात, जखम ठसठसते, अंग हुळहुळते, शेवाळ बुळबुळीत लागते, ऊन टळटळीत पडते. यांत कुठेही आवाज नाही. काही डोळ्यांचे शब्द आहेत, काही कातडीचे, काही वेदनेचे. पण यांची घडण थेट ध्वनिशब्दांसारखी आहे. 'कडकड'चा कडकडाट होतो तसा 'झगमग'चा झगमगाट होतो. 'धाड'चे धाडकन होते तसे 'चट'चे चटकन होते. 'ठण्ण' म्हणताना आपण व्यंजनावर जोर देतो तसाच 'लख्ख' म्हणताना देतो. मराठीचे व्याकरण कान आणि डोळा यांत भेदभाव करीत नाही.

जगातील अनेक भाषांत हे आढळते. आफ्रिकेतील बांतू भाषांचे अभ्यासक क्लेमेंट डोक यांनी १९३५ मध्ये अशा शब्दांसाठी 'आयडिओफोन' ही संज्ञा आणली. ऐकताच चित्र उभे करणारा शब्द, असा तिचा साधा अर्थ सांगता येईल. जपानी भाषेत तर आवाजाची नक्कल करणारे शब्द आणि आवाज नसलेल्या स्थितीचे चित्र काढणारे शब्द यांना वेगवेगळी नावे आहेत. भारतापुरते बोलायचे तर मरे एमेनो यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले की, असे दुहेरी शब्द आर्य आणि द्राविडी अशा दोन्ही कुळांतील भाषांत सारख्याच धर्तीने वापरले जातात. वैदिक भाषेत ते थोडे आढळतात, पुढे वाढत जातात. याचा अर्थ इतकाच की, ही संपत्ती पोथीतून झिरपत खाली आलेली नाही. ती बाजारात, शेतात, चुलीपाशी, एकमेकांशेजारी राहणाऱ्या लोकांच्या देवघेवीतून वाढली आहे. मोल्सवर्थच्या १८३१ च्या शब्दकोशात आणि १८५७ च्या सुधारित आवृत्तीत अशा शब्दांचा मोठा साठा आहे, तो लोकांच्या तोंडी होता म्हणूनच.

मग कोणता शब्द ध्वनिशब्द, हे ओळखायचे कसे? आम्ही एक साधी कसोटी सुचवतो. शब्दापुढे 'असा आवाज आला' हे शब्द जोडून पाहा. 'खळ्ळ असा आवाज आला' हे बरोबर. 'लुकलुक असा आवाज आला' हे हास्यास्पद. पण ही कसोटी एकट्या शब्दाला लावून भागत नाही, ती वाक्याला लावावी लागते. 'घरात खडखडाट आहे' या वाक्यात आवाज आहे काय? रिकाम्या भांड्यांचा खडखड आवाज होतो. त्यावरून दाणा नसलेले घर, असा अर्थ आला. ज्याच्या घरात कधी ते डबे वाजले नाहीत त्याला हा शब्द फक्त आवाजाचा वाटेल. आणि 'शुकशुकाट' पाहा. घडण आवाजाची, अर्थ मात्र आवाज नसण्याचा! ज्या शब्दाच्या पोटात 'शुक् शुक्' आहे तोच शब्द निर्मनुष्य रस्त्यासाठी वापरला जातो.

'चर्र' हा याच जातीचा शब्द आहे. तव्यावर पाणी पडले तर तो आवाज आहे. काळजात झाले तर ती वेदना आहे. शब्द तोच, जागा बदलली की अर्थ बदलला. जबाब लिहिणाऱ्याने 'काळजात' हा शब्द गाळला आणि 'असा आवाज ऐकू आल्याने' हे पदरचे घातले. वेदनेचा आवाज केला आणि आवाजाची साक्ष खोटी ठरवण्याची सोय करून ठेवली.

आमच्या वाचकांना येथे सुत्तनिपातातील कसिभारद्वाज सुत्ताची आठवण व्हावी. नांगरणी करणारा भारद्वाज तथागतांना खीर देऊ करतो, ते ती स्वीकारीत नाहीत आणि ती पाण्यात टाकायला सांगतात. पाण्यात पडताच ती चुरचुरते, धुमसते. दिवसभर तापलेला नांगराचा फाळ पाण्यात बुडवावा तशी. तेथे पालीत 'चिच्चिटायति, चिटिचिटायति' अशी क्रियापदे आली आहेत. किती ओळखीचा शब्द आहे हा! तापलेले लोखंड आणि पाणी यांचा तोच आवाज, जो आजींनी तव्याच्या दाखल्याने सांगितला. बुद्धवचन जपणाऱ्यांना शेतकऱ्याचा हा शब्द ग्राम्य वाटला नाही, त्यांनी तो सुत्तात ठेवला.

संस्कृत व्याकरणाची दृष्टी मात्र तपासून पाहण्यासारखी आहे. यास्काने निरुक्तात 'काक' हा शब्द कावळ्याच्या आवाजाचे अनुकरण आहे आणि पाखरांच्या नावांत असे पुष्कळ घडते, असे म्हटले. पण औपमन्यवाला ते मान्य नव्हते, शब्दात अनुकरण नसतेच असे त्याचे मत यास्कानेच नोंदवले आहे. म्हणजे हा वाद फार जुना आहे. पाणिनीने अशा शब्दांना 'अव्यक्तानुकरण' म्हटले. अव्यक्त म्हणजे ज्यात वर्ण स्पष्ट नाहीत असा आवाज. वस्तू आपटल्याचा, पाखराचा. येथवर तक्रार नाही. परंतु पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात 'म्लेच्छ्' या धातूचा अर्थ काय दिला आहे? अव्यक्त शब्द करणे! म्हणजे दगड पडल्याचा आवाज अव्यक्त, आणि परक्या, बाहेरच्या माणसाचे बोलणेही अव्यक्त. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी व्याकरण शिकण्याची प्रयोजने सांगताना ब्राह्मणाने म्लेच्छासारखे बोलू नये, हेही एक प्रयोजन सांगितले आहे. असुरांचा पराभव अशुद्ध उच्चारामुळे झाला, ही कथाही तेथेच येते.

हा दोष केवळ आपल्या देशातला नाही. प्राचीन ग्रीकांना परक्यांचे बोलणे 'बर् बर्' असे ऐकू येई, म्हणून त्यांनी परक्यांना 'बार्बारोस' म्हटले. संस्कृतातही 'बर्बर' शब्द आहेच. माणसाच्या भाषेची आवाजात गणना केली की त्याला अर्थ सांगण्याचा हक्क उरत नाही, आणि ज्याला अर्थ सांगता येत नाही तो रानटी ठरतो. दुर्दैव असे की, आम्ही स्वतः अत्याचाराच्या बातमीत 'बर्बर हल्ला' असे लिहितो. ज्यांना 'बर्बर' म्हणून हिणवले गेले त्यांचा गुन्हा काय होता? त्यांची भाषा समोरच्याला कळत नव्हती, एवढाच! चळवळीच्या पत्रकारांनी हा शब्द वापरण्यापूर्वी एकदा थांबावे, अशी आमची विनंती आहे. 'अमानुष' हा शब्द आपल्याजवळ आहे.

या पार्श्वभूमीवर तथागतांचा निर्णय पाहावा. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदसात बांधावे अशी सूचना केली, ती त्यांनी नाकारली आणि 'सकाय निरुत्तिया' शिकण्याची मुभा दिली, असे चुल्लवग्गात आहे. याचा अर्थ आपापली बोली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. बुद्धघोषांनी मागधी असा अर्थ केला. अर्थाचा वाद असला तरी छंदस नाकारले, यात वाद नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव 'मूकनायक' होते, हेही येथे आठवावे. मुके कोण होते? बोलत तर सगळेच होते. त्यांचे बोलणे बोलणे म्हणून मोजले जात नव्हते.

आज काय चालले आहे? सभागृहात बोलतो त्याचे ते भाषण, चावडीवर बोलतो त्याची ती बडबड. सुनेने तक्रार केली की किरकिर, मोलकरणीने पगार मागितला की कटकट, कामगाराने आवाज उठवला की कुरकुर. वंचितांनी हक्क मागितला की 'कोल्हेकुई' म्हणून हिणवणारे असतातच. हे सगळे शब्द अनुकरणवाचक आहेत. पण येथे ते आवाजाचे वर्णन करीत नाहीत, बोलण्यातला अर्थ पुसून टाकतात. आणि हे शब्द आपल्याही घरात वापरले जातात. 'काय वटवट लावली आहे' असे पत्नीला म्हणणारा कार्यकर्ता आम्ही पाहिलेला आहे. त्यानेही आजींचा खटला आठवावा.

आता कामाचे बोलू. गावात अत्याचार घडला की फिर्याद आणि जबाब यांवर खटल्याचे भवितव्य ठरते. आपल्या कार्यकर्त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. साक्षीदाराच्या तोंडचा आवाजाचा शब्द बदलू देऊ नका. 'ठणाठणा' या एका शब्दात किती पुरावा आहे पाहा. पत्र्यावर दगड पडला तर ठण्ण होते, कौलावर पडला तर फटकन फुटते, मातीच्या धाब्यावर पडला तर धप्प होते. आजींच्या घरावर पत्रा होता आणि पंचनाम्यात पत्र्याला पडलेल्या पोच्यांची नोंद होती. निरक्षर बाईच्या एका शब्दाने पंचनाम्याला दुजोरा दिला. 'दगडफेकीचा आवाज झाला' असे प्रमाण मराठीत लिहिले असते तर हे सारे हरवले असते.

दुसरे, प्रत्येक शब्दामागे विचारा, हे कुठे झाले? कानाला ऐकू आले, डोळ्यांना दिसले की काळजात झाले? 'धस्स झाले', 'चर्र झाले' हे जिवाचे शब्द आहेत. 'धाड', 'खण्ण', 'खळ्ळ' हे कानाचे. 'छातीत धडधडले' हा दोहोंच्या सीमेवरचा. जबाबात त्यांची सरमिसळ होऊ देऊ नका. तिसरे, फिर्याद लिहून झाल्यावर फिर्यादीला वाचून दाखवणे बंधनकारक आहे आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. वाचून दाखवताना कान देऊन ऐका. चौथे, साक्षीदाराने न्यायालयाच्या भाषेत साक्ष दिली तर ती त्याच भाषेत नोंदवावी, हा जुन्या संहितेच्या कलम २७७ मधील नियमही नव्या संहितेत कायम आहे. आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या कलम १५-अ नुसार या कायद्याखालील कामकाजाचे चित्रमुद्रण व्हावयास हवे. त्याचा आग्रह धरा. छातीवर ठेवलेला हात कागदावर उमटत नाही, चित्रमुद्रणात उमटतो.

व्याकरण हा परीक्षेपुरता विषय आहे, असा समज आपण सोडून द्यावा. कोणाचे बोलणे शब्द आणि कोणाचे बोलणे आवाज, हे ठरवण्याचा अधिकार फार काळ इतरांच्या हाती राहिला. आपल्या मुलांनी याद्या जरूर पाठ कराव्यात, परीक्षेत गुण मिळवावेत. पण 'लुटुलुटु'मध्ये आवाज कुठे आहे, हा प्रश्न गुरुजींना अवश्य विचारावा.

खटल्याच्या त्या दिवशी कोर्टाबाहेर चहा घेताना आजींनी आम्हाला विचारले, ''बाळा, मी कायतरी चुकीचं बोलले का रं? समदी हसली म्हणून इचारते.'' आम्ही म्हणालो, ''नाही आजी, तुम्ही बरोबर बोललात. लिहिणाऱ्याने चूक लिहिले.'' आजींनी बशी खाली ठेवली. ''मग त्याला नीट लिव्हायला शिकवा की,'' त्या म्हणाल्या.